मर्लची पलटण आणि केंटचं कपाट

व्हर्ना लाइनबॉकच्या घरात तीनशे बारा माणसं राहत होती आणि त्यांतलं एकही कधी जेवायला बसत नव्हतं. हा विनोद तिचा नव्हे, तिच्या नवऱ्याचा, मर्लचा. घरात नवीन कुणी आलं की त्याचा कोट हातात घेता घेता मर्ल हे वाक्य टाकायचा, पाहुणा गोंधळला की खूश व्हायचा आणि मग त्याला समोरच्या खोलीत कपाटापुढे नेऊन उभा करायचा. मर्लला जाऊन सहा वर्षं झाली होती. पेनसिल्व्हेनियातल्या मायर्सटाउनच्या त्या घरात आता नवीन माणूस फारसं येत नसे, आणि आलंच तर व्हर्नाला तो विनोद जमत नसे. "शिशाची आहेत," हे ती आधीच सांगून टाकायची.

शिशाचे सैनिक. करंगळीएवढे उंच, आतून पोकळ, वरून चकचकीत रंगाचे आणि सगळे अमेरिकेच्याच पलटणींचे. वरच्या फळीवर स्वातंत्र्ययुद्धातले निळ्या कोटांचे, पुढे ढोल आणि बासरीवाली पोरं. त्याखाली यादवी युद्धातले, त्यांत लाल घोळदार विजारींची एक पेनसिल्व्हेनियाची तुकडी. मग घोडदळ, मग निळ्या पोशाखातले मरीन, करड्या पोशाखातले वेस्ट पॉइंटचे कॅडेट आणि त्यांचा बँड. सगळ्यांत खाली पहिल्या महायुद्धातली अठ्ठाविसावी डिव्हिजन, खांद्यावर लाल खूण असलेली. ती मर्लची आपली. महायुद्धांनंतर खूप वर्षांनी, तरुणपणी सहा वर्षं तो त्याच डिव्हिजनमध्ये होता, स्वयंपाकी म्हणून.

"तुमच्या पलटणीला शत्रूची गरजच नव्हती," व्हर्ना म्हणायची. "तुझे बीन्स पुरेसे होते."

"माझे बीन्स खाऊन एकही माणूस पळून गेला नाही."

"पळायची ताकद राहिली असेल तर ना."

पुढे एकोणतीस वर्षं मर्लनं टपाल वाटलं, तेही पायी. संध्याकाळी मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसला की तो कपाटाकडे बघत राही. त्याच्याकडचे सगळे सैनिक एकाच पवित्र्यात होते: डावा पाय पुढे, बंदूक खांद्यावर, नजर समोर. गुडघ्यावर बसून गोळी झाडणारे, हातबॉम्ब फेकणारे, जखमी होऊन पडणारे असलेही सैनिक मिळतात, पण मर्लनं ते कधी घरात आणले नाहीत. लढताना माणूस एकटा असतो, तो म्हणायचा, कवायतीत सगळे बरोबर असतात. आणखी एक नियम होता. रंग उडाला तरी पुन्हा रंगवायचं नाही. सात वर्षांचा असताना काकूनं पाच-दहा सेंटांच्या दुकानातून घेऊन दिलेला त्याचा पहिला सैनिक, पत्र्याचं शिरस्त्राण हरवलेला, नाकावरचा रंग गेलेला, तसाच शेवटपर्यंत पहिल्या रांगेत उभा होता.

कपाट मात्र मर्लचं नव्हतं. ते केंटचं होतं.

केंट हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाच्या मनात त्यानं दोन वर्षं तरी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे बापाच्याच डिव्हिजनमध्ये, काढावीत असं होतं. केंटनं नाही म्हटलं आणि सुतारकाम शिकायला गेला. त्यावरून दोघांत काय बोलणं झालं ते व्हर्नाला कधी नीट कळलं नाही, कारण ती तेव्हा दुकानात गेली होती. परत आली तेव्हा दोघं वेगवेगळ्या खोल्यांत होते, आणि मग चौदा महिने ते तसेच वेगवेगळ्या खोल्यांत राहिले, केंट घर सोडून गेल्यावरसुद्धा. मर्लच्या साठाव्या वाढदिवसाला एक ट्रक दाराशी येऊन थांबला. मागे घोंगड्यांत गुंडाळलेलं कपाट. ओकचं, सात फूट उंच, काचेची दोन दारं, एक खिळा म्हणून नाही. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून दारांच्या कडांना लोकरीच्या पट्ट्या. मर्लनं चष्मा लावला, कोपऱ्यांतले सांधे बोटानं चाचपले, दार उघडलं, बंद केलं. 'थप्प' असा मऊ, दबका आवाज झाला.

"दार छान बसलंय," मर्ल म्हणाला.

बापलेकांत समेट झाला तो एवढाच. त्यानंतर ते फोनवर बोलू लागले, मुख्यतः कपाटाबद्दल. पावसाळी हवेत लाकूड फुगलं का? बिजागरीला तेल दिलं का? दर रविवारी चर्चहून आल्यावर मर्ल ते पुसायचा, आधी लाकूड, मग काच, सैनिक सगळ्यांत शेवटी. दार उघडलं की आतून एक आंबूस वास यायचा, ताज्या कापलेल्या लाकडाचा. वर्षं गेली तरी तो वास गेला नाही. व्हर्नाला तो आवडायचा. केंट माँटानात राहायला गेला, त्याचं लग्न झालं, मोडलं, आणि या घरात त्याचं म्हणून जे काही उरलं ते म्हणजे तो वास.

मर्ल गेल्यावर केंट दर रविवारी फोन करू लागला. सात मिनिटं. तिकडचं हवामान, इकडचं हवामान, त्याच्या ट्रकचा गिअर, तिचा गुडघा. "बरं मग," तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "हो, बरं मग." फोन ठेवल्यावर काय काय विचारायचं राहिलं ते तिला एकेक करून आठवे. नीट जेवतोस का? संध्याकाळी कुणाशी बोलतोस? जिन्यात दिवा आहे का? ती ते कागदावर लिहून ठेवी आणि पुढच्या रविवारी कागद समोर असूनही विचारत नसे.

वर्षातून एकदा, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला, तो विमानानं यायचा. बुधवारी संध्याकाळी येई, शनिवारी सकाळी भाड्याची गाडी घेऊन परत निघे. आणि गेली चार वर्षं तो गेला की एक गोष्ट ठरलेली. कपाटाचं उजवं दार बोटभर उघडं राहिलेलं असायचं. इतक्या चांगल्या सुताराला स्वतः केलेलं दार लावता येऊ नये, याचं तिला नवल वाटे. त्याला निरोप द्यायला ती पायरीपर्यंत जाई, गाडी सुरू झाली की थंडीनं आत पळे, आणि गाडी कोपऱ्यावर पोचायच्या आत तिनं ते दार लावलेलं असे. थप्प. मग घर पुन्हा तिचं एकटीचं होई.

त्या वर्षी वसंतात तिला खालच्या फळीवर काहीतरी पांढरं दिसलं. डिव्हिजनमधल्या सात-आठ सैनिकांच्या बुटांवर पिठासारखी बुकटी बसली होती. बुरशी, तिला वाटलं. तिच्या आईनं आणि आजीनं घरातली प्रत्येक बुरशी व्हिनेगरनं पुसली होती, खिडक्या, फरशा, लोणच्याच्या बरण्यांची झाकणं, सगळं. तिनंही कापूस व्हिनेगरमध्ये बुडवला आणि एकेका सैनिकाचे पाय निगुतीनं पुसून त्यांना परत रांगेत उभं केलं. दार लावलं.

ऑक्टोबरात ती पुन्हा खाली वाकली तेव्हा एक सैनिक आडवा पडलेला होता. मर्लच्या राज्यात कुणी आडवं पडत नसे. तिनं उचलला तर बूट फळीवरच राहिले आणि माणूस तेवढा हातात आला. शेजारच्यालाही नुसता हात लागला आणि त्याचा घोटा भुरभुरला. बाकीच्यांच्या गुडघ्यांपर्यंत पांढरं चढलं होतं. तिनं दोघांना हातरुमालात गुंडाळलं आणि शुक्रवारी ॲलनटाउनची वाट धरली.

ॲलनटाउनजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात दर ऑक्टोबरला शिशाच्या सैनिकांचा बाजार भरतो. शनिवारी खालच्या दालनात टेबलं लागतात, पण खरा बाजार आदल्या दिवशी वरच्या मजल्यांवर. ज्यानं खोली घेतली तो दार सताड उघडं टाकतो, पलंगावरच्या चादरीवर पलटणी मांडतो आणि स्वतः मोज्यांवर खुर्चीत बसून राहतो. उघडं दार म्हणजे या. अर्धं दार म्हणजे मालक जेवतोय. बंद दार म्हणजे आत सौदा चाललाय, पुढे चला. मर्लबरोबर ती वीस वर्षं इथे आली होती, विणकाम घेऊन. या वर्षी लांबलचक गालिच्यावरून एकटीच चालताना तिला वाटत होतं की प्रत्येक खोलीतून कुणीतरी मान वर करून तिच्या मागे मर्ल दिसतो का ते बघतंय.

ऑगी प्रुइटची खोली टोकाला होती. ऑगी ऐंशीचा, कान मोठे, मर्लचा जुना दोस्त. त्याच्याशी घासाघीस करण्यात मर्लचा अख्खा शुक्रवार जायचा.

"व्हर्ना, ये. पायाशी बघ, तिथे घोडदळ आहे. बस, उशीवर कुणी नाहीये."

"बसायला नाही आले. तुला काही दाखवायचंय." तिनं रुमाल सोडायला घेतला.

पांढरी बुकटी दिसली मात्र, ऑगीनं पेन्सिलनं आपले डबे तिच्यापासून दूर सरकवले. "तो रुमाल माझ्या पलंगावर ठेवू नकोस. तिकडे, खिडकीत ठेव. आणि हात तोंडाला लावू नकोस."

"लागण होते का?"

"होत नाही म्हणतात. पण गिऱ्हाइकानं माझ्या खोलीत हे बघितलं तर मला उद्या टेबल लावायलाच नको." तो चष्मा वर करून खिडकीशी गेला आणि रुमालावर वाकला. "शिशाची कीड. कशात ठेवतेस त्यांना?"

"कपाटात. मर्लच्याच."

"लाकडाच्या?"

"ओकच्या. केंटनं केलंय. इतकं घट्ट आहे की आत..."

"अगं बाई," ऑगी म्हणाला. तो खुर्चीत जाऊन बसला. "मर्लनं मला कधी सांगितलं नाही की ओकचं आहे. तो म्हणायचा, पोरानं कपाट केलंय, दार असं बसतं की काय सांगू. दाराचंच सांगायचा. लाकडाचं मी विचारलं नाही."

"ओकला काय झालं?"

"ओकमधून आंबट वाफ निघते, व्हर्ना. वर्षानुवर्षं निघते. उघड्या खोलीत असेल तर उडून जाते. पण दार घट्ट असलं की आतल्या आत कोंडते आणि शिसं खाते. बारीक पोकळ पाय आधी. जितकं कपाट चांगलं, तितकं वाईट."

"मी व्हिनेगरनं पुसलं होतं," व्हर्ना म्हणाली.

ऑगीनं डोळे मिटले. "ती आंबट वाफ म्हणजे व्हिनेगरच. तू त्यांना वरून पाजलंस, एवढंच."

मग त्यानं समजावून सांगितलं. आजच बाहेर काढ. कोरड्या ब्रशनं झाड, तेही उघड्यावर, नाकाला फडकं बांधून. लोखंडाच्या नाहीतर काचेच्या कपाटात ठेव, दंतवैद्यांकडे असायची ना, तसलं रंगवलेलं जुनं कपाट मिळालं तर उत्तम. हे दोन गेले, बाकीचे बहुतेक वाचतील. आणि ओकच्या कपाटात कपबश्या ठेव.

"केंटला काय सांगू?"

"सांग की लाकूड बदलायला पाहिजे."

"त्या कपाटावाचून तो आणि मर्ल एकमेकांशी बोललेच नसते, ऑगी."

ऑगीनं आपल्या मोज्यांकडे बघितलं. बाहेरून कुणीतरी डोकावलं, तेव्हा त्यानं हातानंच पुढे जा अशी खूण केली. "मग नको सांगू," तो म्हणाला. "पण बाहेर काढ."

तिनं बाहेर काढले. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, माजी सैनिकांच्या दिवसाला, मर्लची सगळी पलटण दरवर्षी दोन आठवडे गावच्या वाचनालयात काचेच्या पेटीत मांडली जायची, आणि ती पेटी पोलादी चौकटीची होती. या वर्षी व्हर्नानं सैनिक पंधरा दिवस आधीच नेऊन मांडले. वाचनालय डोरीनच्या हातात होतं. डोरीन म्हणजे व्हर्नाची शाळेपासूनची मैत्रीण, जिभेला हाड नसलेली. तिनं खूश होऊन सैनिक नाताळपर्यंत ठेवायची तयारी दाखवली. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी व्हर्ना रिकामे खोके घेऊन आली, तेव्हा डोरीनच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"चारच दिवसांसाठी नेतेस? त्यांना काय टर्की वाढणार आहेस?"

"केंट येतोय."

"मग?"

"कपाट रिकामं दिसेल."

"दिसू दे. सांग त्याला."

"काय सांगू? तुझ्या हातच्या कपाटानं बापाची पलटण खाल्ली म्हणून?" व्हर्ना एकेक मरीन कागदात गुंडाळत होती. "शनिवारी तो गेला की लगेच परत आणते. चार दिवसांत काही होत नाही."

डोरीननं चष्मा काढून पुसला. "माझ्या लेकीनं विणलेला स्वेटर मला खाजतो," ती म्हणाली. "अकरा वर्षं घालतेय."

"तेच म्हणते मी."

"फरक एवढाच की तो मला खातोय, दुसऱ्या कुणाला नाही. दे इकडे, ढोलवाले मी बांधते."

दुपारभर व्हर्नानं पलटण फळ्यांवर परत चढवली. मर्लच्या वहीतल्या क्रमानं, डावा पाय पुढे, नजर समोर. खालच्या फळीवर दोन जागा मोकळ्या राहिल्या. तिनं उरलेल्यांना थोडं थोडं सरकवून त्या झाकल्या. दार लावताना तो आंबूस वास आला आणि आज पहिल्यांदा तिनं श्वास रोखला.

केंट रात्रीच्या जेवणाला पोचला. चव्वेचाळीस वर्षांचा, दाढीत पांढरं, बापासारखाच पायांनी थकलेला. दुसऱ्या दिवशी दोघांनी थँक्सगिव्हिंगचं जेवण केलं. दोन माणसांना टर्की कशाला, म्हणून कोंबडी, पण बटाट्याचं फिलिंग आणि दुधात शिजवलेला वाळवलेला मका मात्र घरच्या रीतीनं. मर्लची खुर्ची तिनं टेबलाशी तशीच ठेवली होती. त्यांनी ट्रकच्या गिअरबद्दल बोलून घेतलं. तिच्या गुडघ्याबद्दलही बोलून घेतलं.

"जिन्यात दिवा आहे का तुझ्या?" तिनं एकदाचं विचारलं.

"कुठल्या जिन्यात?"

"तुझ्या घरी."

"माझं घर तळमजल्यावर आहे, मॉम. सात वर्षं झाली."

जेवण झाल्यावर तो सवयीनं समोरच्या खोलीत गेला. ती कॉफी घेऊन आली तेव्हा तो कपाटाचं उजवं दार उघडून, गुडघे टेकून खालची फळी बघत होता.

"दोन कमी आहेत," तो म्हणाला. "डॅडच्या डिव्हिजनमधले."

"पुसताना पडले." कॉफी बशीत सांडली. "म्हातारे हात माझे."

तो उठला, दार लोटलं आणि बोटभर उघडं ठेवून मागे सरला.

"केंट, दार."

"राहू दे ना."

"धूळ जाते आत."

"जाऊ दे."

कपबशी ठेवून ती उठली आणि दार दाबून लावलं. थप्प. केंटनं हात पुढे करून ते पुन्हा उघडलं. असं या घरात कधी झालं नव्हतं. लहानपणी मस्ती केली असेल त्यानं, पण आईनं लावलेलं दार तिच्या तोंडावर उघडलं नव्हतं.

"काय चाललंय तुझं?"

त्यानं तिच्याकडे पाठ केली होती. "दार उघडलं की वास येतो ना, आंबूस? तोच खातो त्यांना. ओकचा वास. मी घट्ट दारं लावून आत कोंडलाय तो."

व्हर्ना मर्लच्या आरामखुर्चीत बसली. एरवी तिथे ती बसत नसे. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"चार वर्षं. तिकडे एका संग्रहालयाची कपाटं करायचं काम मिळालं होतं. पहिल्याच कागदावर लिहिलेलं, ओक चालणार नाही. मी विचारलं, का. तिथल्या बाईनं का ते सांगितलं." तो खिडकीकडे गेला आणि परत आला. "गाडीत जाऊन बसलो मग. बराच वेळ."

"सांगायचं होतंस."

"कसं सांगू? चर्चमध्ये, वाचनालयात, ऑगीला, सगळ्यांना तू 'केंटचं कपाट' म्हणतेस. म्हटलं थोडं दार उघडं ठेवावं. हवा लागेल. जास्त उघडं ठेवलं असतं तर तुझ्या लक्षात आलं असतं."

"मी दर वर्षी लावत होते," व्हर्ना म्हणाली. "तू कोपऱ्यावर पोचायच्या आत. म्हणायचे, माँटानात दारं नसतात वाटतं."

"पुढच्या वर्षी येऊन बघायचो तर बंद. मला वाटायचं आपोआप बसतंय. इतकं चांगलं का केलं मी, असं वाटायचं."

ती हसली नाही, पण हसू जवळून गेलं. मग तिनं तिचं सांगितलं: व्हिनेगर, ऑगी, वाचनालय, आणि काल दुपारी परत मांडलेली पलटण.

"कालच?" केंट म्हणाला. "मला दिसावी म्हणून?"

"शनिवारी काढणार होते."

तो तिच्याकडे बघत राहिला, पेटीतल्या वस्तूकडे बघावं तसा, काचेतून. शेवटी म्हणाला, "ते दोन कुठे आहेत?"

बिस्किटांच्या डब्यात कापसावर निजवलेले ते दोघे तिनं आणले. केंटनं बूट नसलेला सैनिक तळव्यावर घेतला. पोकळ पायांतून आतला अंधार दिसत होता.

"हात धू नंतर," ती म्हणाली. "साबणानं. विषारी असतं ते."

"हो, मॉम." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "डॅड कधी काही बोलला का? कपाटाबद्दल?"

तिच्या मनात आलं, काहीतरी चांगलं रचून सांगावं. मर्लला आता कोण विचारायला जाणार होतं? पण तिला रचता येईना. "दार छान बसलंय म्हणाला होता."

"ते मी ऐकलंय."

"आणि दर रविवारी पुसायचा. आधी लाकूड. मग काच. सैनिक सगळ्यांत शेवटी."

केंटनं मान हलवली. "लाकूड आधी?"

"एकदाही चुकला नाही. मी म्हणायचे, अरे धूळ सैनिकांवर आहे. तो ऐकायचा नाही."

केंटनं सैनिक कापसावर ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला आत गेला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

शुक्रवारी सकाळी त्यानं तळघरातून मर्लचा स्क्रूड्रायव्हर आणला आणि दोन्ही दारं उतरवली. एकेक दार छातीशी धरून तो खाली घेऊन गेला आणि भिंतीला टेकवून त्यावर जुनं घोंगडं टाकलं, आणताना होतं तेच. मग दोघं जुन्या सामानाच्या दुकानात गेली. दंतवैद्याचं नाही, पण एका बंद पडलेल्या शाळेच्या दवाखान्यातलं पांढऱ्या लोखंडाचं कपाट मिळालं. दुपारी व्हर्ना मर्लची वही वाचत होती आणि केंट तीनशे दहा जणांना त्यात उभं करत होता. एक कॅडेट त्यानं उलटा ठेवला, पाठ पुढे करून. तिला दिसलं होतं, पण त्याच्या आपणहून लक्षात येईपर्यंत ती गप्प राहिली. ओकच्या फळ्यांवर तिनं सणाच्या बश्या मांडल्या. बश्या तिथे बऱ्या दिसत होत्या. नुसत्या बऱ्या.

"वास जाईल आता," केंट म्हणाला. "महिन्याभरात."

"हो," ती म्हणाली.

शनिवारी नऊ वाजता तो निघाला. पायरीवर त्यानं तिला मिठी मारली, बिस्किटांचा डबा काखेत होता. तो डबा त्यानं कधी मागितला, तिनं कधी दिला, यावर कुणी काही बोललं नव्हतं. "बरं मग," तो म्हणाला. "हो, बरं मग." गाडी सुरू झाली आणि ती थंडीनं आत पळाली, थेट कपाटाकडे. उजवा हात पुढे झाला. ओकच्या कडेला बिजागरीच्या चार रिकाम्या भोकांवर तिची बोटं टेकली.

लावायला काही नव्हतं. मग ती खिडकीशी गेली आणि पडद्याची कड जराशी सारली. इतक्या वर्षांत त्याची गाडी जाताना तिनं कधी बघितलीच नव्हती. गाडी कोपऱ्यावर पोचली, 'थांबा' लिहिलेल्या लाल पाटीपाशी थांबली. दोन्ही बाजूंचा रस्ता मोकळा होता, तरी ती थांबूनच राहिली. मग काच खाली झाली, केंटचा हात बाहेर आला, घराच्या दिशेनं वर झाला आणि तसाच राहिला, एखाद्यानं नेहमीच्या ठिकाणी नेहमीचं काम करावं तसा. हे तो आजच करत होता की दर वर्षी, पडदा ओढलेल्या खिडकीला, ते तिला समजेना.

तिनं घाईनं पडदा पूर्ण बाजूला केला आणि हात वर केला. तोवर गाडी वळली होती.